काहीच लावू नको

निपाणीत, जुन्या पी. बी. रोडला लागून
शिवगोंडा अण्णांचं मेडिकल.
पाटीवर कन्नड ठळक, खाली बारीक मराठी,
आत काउंटरवर मी. सातवं वर्ष.

नागरत्ना पहिल्यांदा आली ती वखारीतून सुटून,
भुवयांत तंबाखूची धूळ,
गालावर पाच-सहा पुटकुळ्या,
विसाव्या वर्षी असतात तेवढ्याच.
"लवकर जाईल असं काय तरी द्या की वो,
रविवारी संकेश्वरची माणसं येणार हायती."

मी विचारलं नाही काही.
तिसऱ्या कप्प्यातून ती ट्यूब काढली,
जी सगळेच नेतात, चिठ्ठीशिवाय,
खाज, नायटा, डाग, गोरेपणा,
सगळ्यांवर एकच.
अठ्ठावन्न रुपये.
साठ दिले तिनं. सुटे नव्हते,
दोन चॉकलेटं ठेवली तिच्या तळव्यावर.

रविवारी गाल काचेसारखा.
माणसं चहा पिऊन गेली, कळवतो म्हणाली,
अजून कळवतायत.
ती मात्र ट्यूब नेत राहिली
आणि मी देत राहिलो,
शिंकणाऱ्याला रुमाल द्यावा इतक्या सहज.

एप्रिलात आली ती तोंडाला ओढणी बांधून.
ओढणी सोडली
आणि मी नजर वजनकाट्यावर नेली.
गालभर लाली, तिच्यात बारीक शिरांचं जाळं,
हनुवटीवर कोवळी लव.
"उन्हात गेलं की आग होती.
लावलं की थांबती, सोडलं की दुप्पट.
आणि एक द्या."
माझा हात कप्प्यापर्यंत गेला
आणि तिथंच राहिला,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

बेळगावला, सिव्हिलला, तिघं गेलो.
अण्णांना सांगितलं, दात दुखतोय.
डॉक्टरीण बाई कन्नडमधून बोलत होत्या,
लगमव्वा, तिची आई, मराठीतून,
'चर्म' तेवढा शब्द दोघींचा.
बाई म्हणाल्या, मोडक्यातोडक्या मराठीत,
कातडी म्हणजे शरीराची सीमा,
बाहेरचं बाहेर, आतलं आत ठेवते.
लगमव्वा म्हणाली,
"सीमेचं आमाला नगा सांगू बाई,
पोरीचं बघा."

बाईंनी बघितलं. बोटानं नाही, डोळ्यांनी,
बराच वेळ.
मग ट्यूबची रिकामी नळी उचलून म्हणाल्या,
"हे कुणी दिलं?"
नागरत्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"असंच. दुकानातनं."

एनू हच्चब्याड.
काहीच लावू नको.
गार पाणी. मी देते ते एकच साधं मलम.
डोक्यावर छत्री, नख लांब.
आधी आणखी बिघडेल, घाबरू नको.
वाट बघ.
एवढंच लिहिलेली चिठ्ठी
मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

बिघडलं. मे महिनाभर बिघडलं.
वखारीत बायका म्हणाल्या हळद लाव, लिंबू लाव,
शेजारच्या म्हातारीनं राख मंतरून दिली.
तिनं राख चुलीत टाकली, म्हणे,
जिथली तिथं.
सुटताना नळावर थांबायची,
कपाळापासून गळ्यापर्यंत तंबाखू धुवायची,
चोळायची नाही, ओढणीच्या मऊ टोकानं नुसती टिपायची,
ओल्या सहीवरची शाई टिपावी तशी.

दर गुरुवारी बाजाराच्या गर्दीतून
ती दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येते,
काही घेत नाही.
उजेडाकडं एक गाल करते, मग दुसरा.
"बघा."
मी बघतो. हे माझं काम नाही,
पण याच्याइतकं लक्ष
मी कुठल्याच कामाला दिलेलं नाही.

परवा एक पोरगा आला, मिसरूड नुकतं फुटलेलं,
तिसऱ्या कप्प्याकडं बोट करून, "ती."
"कशाला?" मी म्हणालो.
अण्णांनी हिशेबाच्या वहीतून मान वर केली.
पोरगा गोंधळला. मीही.
सात वर्षांत हा प्रश्न
या काउंटरवर आला नव्हता.

आज गुरुवार. शिरा पुसट झाल्यात,
सगळ्या गेल्या नाहीत. डाव्या गालावर
नदीच्या नकाशासारखी एक उरलीय.
जाता जाता वळून म्हणाली,
"तुमच्याकडं माझं दोन रुपय राहिल्यात.
चॉकलेट मला आवडत न्हाई."

गल्ल्यात शोधतोय.
ती उभी आहे, उन्हाच्या अलीकडं,
छत्री मिटलेली.